मुलांच्या वॉर्डातून पुरुषांच्या वॉर्डात

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शाळेतल्या एका बाईंनी मला प्रयोगशाळेत गाठलं. मी तिथं परिचर आहे. त्यांच्या मुलीला आतड्यांचा आजार आहे आणि तोच मलाही आहे, हे त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं. मुलीला सतरा वर्षं पूर्ण होत आली होती. लहान मुलांच्या डॉक्टरांनी आता मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जा म्हणून सांगितलं होतं. बाईंनी विचारलं, "त्यात काय वेगळं असतं हो? डॉक्टर बदलणार, एवढंच ना?"

तासाची घंटा झाली होती म्हणून मी 'हो' म्हणालो. पण घरी आल्यावर ते 'हो' मला खात राहिलं. म्हणून हे लिहायला बसलो. माझ्या बाबतीत त्या बदलात जवळजवळ दोन वर्षं गेली, आतड्याचा मोठा तुकडा गेला आणि दोन बहिणींचं बोलणं बंद झालं. शेवटची गोष्ट माझ्यामुळे झाली. ती लिहिणं सगळ्यात जड जाणार आहे.

जन्मभर

सहावीत असताना पोट दुखायला लागलं. जेवलं की दुखायचं आणि लगेच पळावं लागायचं, दिवसातून आठ-दहा वेळा. संध्याकाळी अंगात बारीक ताप असायचा. शिरूरच्या डॉक्टरांनी आधी जंतांचं औषध दिलं, मग आवेचं, मग आतड्याचा टीबी आहे म्हणून त्याच्या गोळ्या चालू केल्या. त्या नऊ महिने घेतल्या. लघवी लाल व्हायची, भूक मेली, वजन वाढायच्या ऐवजी उतरलं. शेजारच्या म्हातारीनं आईला कुठल्याशा बाबाचा पत्ता दिला. आप्पा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले की आपल्या घरात अंगारे-धुपारे चालत नसत्यात, पोराला पुण्याला न्या. 'न्या' म्हणाले. ते रांजणगावच्या एका कंपनीत पाळीनं कामाला होते आणि सुट्टी मागायला जाणं त्यांच्या जिवावर यायचं. त्यामुळे मला घेऊन आईच गेली, आणि पुढं सहा वर्षं तीच जात राहिली.

पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात मुलांचा विभाग होता. तिथल्या मुख्य डॉक्टर पन्नाशीच्या पुढच्या होत्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणायचे. वीस दिवस मी तिथं पडून होतो. नळ्या घातल्या, फोटो काढले, आतड्याचा तुकडा तपासायला नेला. निकालाच्या दिवशी बाईंनी आईला स्टुलावर बसवलं. मला बाहेर पाठवलं नाही, पण जे सांगायचं ते आईलाच सांगितलं. हा टीबी नाही. आतड्याला आपोआप सूज येते, आतून फोड येतात, कशामुळे ते नक्की कळलेलं नाही. औषधानं दबतं, मुळापासून जात नाही. जन्मभर औषध घ्यावं लागेल.

आईनं विचारलं, "जन्मभर म्हंजी किती?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "त्याचा जन्म असेल तेवढं."

आईला त्या आजाराचं इंग्रजी नाव कधीच म्हणता आलं नाही. ती 'आतड्याचं' म्हणायची. मीही तेच म्हणायचो. अठरा वर्षांचा होईपर्यंत मला माझ्या आजाराचं नाव नीट लिहिता येत नव्हतं, हे सांगताना आज लाज वाटते.

दौंडची गाडी

शिरूरहून पुण्याला एसटीनं दोन तास लागायचे. माझ्या पोटाला दोन तास धीर नव्हता. एकदा शिक्रापूरच्या अलीकडे मी आईचा दंड धरला. आईनं कंडक्टरला विनवलं, त्यानं बेल मारली, पण गाडी कडेला लागेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. मागच्या सीटवरची माणसं उठून पुढं गेली.  आईनं आपल्या पदरानं सीट पुसली आणि आम्ही तिथंच उतरलो. त्यानंतर मी एसटीत बसायला तयार होईना.

माझी शकूमावशी दौंडला राहायची. काका रेल्वेत होते, स्टेशनजवळ क्वार्टर होतं. मावशीला मूल नव्हतं. तीच म्हणाली, पोराला माझ्याकडं ठेव, पॅसेंजरला डब्यात संडास असतोय, त्याचे हाल व्हायचे न्हाईत. म्हणून मी आठवीला दौंडच्या शाळेत गेलो. महिन्यातून एकदा आई शिरूरहून यायची, मुक्काम करायची आणि सकाळच्या गाडीनं मला पुण्याला न्यायची. आम्ही संडासाच्या शेजारची जागा धरायचो. केडगाव, यवत, उरळी, लोणी. वासाची सवय होते. दार चार पावलांवर आहे एवढं माहीत असलं की माझं पोट निम्मं शांत व्हायचं.

घर सोडून राहिल्याचं मला फार वाईट वाटायचं, पण ते मी कधी बोललो नाही. मावशी माझ्यासाठी भाजी वेगळी शिजवायची, बिनमिरचीची. काका आणि तीही हळूहळू तेच खायला लागले. माझे खराब झालेले कपडे ती पहाटे, शेजारच्या बायका नळावर यायच्या आत धुऊन टाकायची. सहा वर्षांत तिनं त्यावरून एक शब्द काढला नाही.

वाढ

सूज दाबणाऱ्या गोळ्यांनी तोंड फुगतं. नववीत मला पोरं 'पुरी' म्हणायची. तोंड वाढलं आणि बाकी मी वाढायचा थांबलो. पंधराव्या वर्षी तिकीटवाला मला बघून अर्धं तिकीट फाडायचा. आई दर वेळी खिडकीशी भांडून पूर्ण तिकीट घ्यायची. "माझ्या पोराचं पंधरा पुरं हाय," असं ती मोठ्यानं सांगायची. मला वाटायचं, हळू बोल.

मुलांचा विभाग खरं तर चौदापर्यंतच होता. पण बाईंनी आम्हा जुन्या पोरांना सोडलं नाही. वॉर्डातल्या खाटा आखूड होत्या, मला त्या पुरायच्या. भिंतीवर हत्ती आणि फुगे रंगवलेले होते. रात्री आई खाटेखाली चटई टाकून झोपायची, सगळ्याच आया झोपायच्या. डॉक्टर आले की प्रश्न आईला विचारत आणि उत्तरं आई देत असे. किती वेळा झालं, रक्त होतं का, रात्री उठला का, कुठली गोळी किती. तिला सगळं तोंडपाठ होतं. मी भिंतीवरचे फुगे मोजायचो.

तिथंच वैशाली भेटली. कवठे येमाईची, माझ्याहून वर्षानं मोठी, तिलाही हेच. आम्ही दोघं त्या वॉर्डातले सगळ्यात जुने. ती लहान पोरांना सलाईन लागताना हात धरून बसायची. स्वतःला दुखत असलं तरी सिस्टरला बरं आहे म्हणायची. मी एकदा विचारलं की खोटं का सांगतेस. ती म्हणाली, दुखतंय म्हटलं की आई रडती, मग आईला गप करायचं काम मलाच लागतंय.

ती अठराची झाली तेव्हा बाईंनी तिला समोरच्या इमारतीत पाठवलं. नंतर ती मला दिसली नाही. तिचं लग्न ठरलंय एवढं सिस्टरकडून कळलं.

समोरची इमारत

मी बारावीला होतो तेव्हा मोठ्या बाईंची निवृत्ती आली. शेवटच्या भेटीत त्यांनी माझी जाड फाईल दोरीनं बांधून आईच्या हातात दिली आणि सांगितलं, पुढच्या वेळेपासून इथं यायचं नाही, समोरची इमारत, दुसरा मजला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मिलिंद, मी तुला फार दिवस लहान ठेवलं. ते बरं केलं नाही."

मला तेव्हा ते कळलं नाही. मला वाटलं, त्या माझ्या उंचीबद्दल बोलताहेत.

समोरच्या इमारतीत भिंतींवर काही रंगवलेलं नव्हतं. बाकांवर खोकणारी, पोट धरून बसलेली मोठी माणसं होती. माझा नंबर आला तशी आई उठली. दारावरच्या शिपायानं तिला अडवलं, पेशंट एकटाच आत. आई त्याला समजावत असताना मी आत गेलोसुद्धा.

डॉक्टर तरुण होते. त्यांच्या मागं चार शिकाऊ डॉक्टर उभे होते. त्यांनी केसपेपरवर अठरा वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की वय चुकलंय का. मी नाही म्हणालो. मग त्यांनी गोळ्यांची नावं विचारली. मी दाराकडे बघितलं. एक पांढरी, एक पिवळी, एवढं मी सांगू शकलो. त्यांनी विचारलं, रक्त जातं का, किती वेळा जावं लागतं, तंबाखू, दारू. सहा वर्षांत हे प्रश्न मला कुणी विचारलेच नव्हते. मी सगळ्याला 'बरं आहे' म्हणालो. मग पडद्यामागं नेऊन माझे कपडे उतरवले, अंगावर केस कुठं आलेत कुठं नाहीत ते पाहिलं. त्या चौघांतलं कुणी हसलं नाही. ते लिहून घेत होते.

आता एवढ्या वर्षांनी मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. बाहेर साठ माणसं होती. फाईल दोरीत बांधलेलीच राहिली, कारण ती सोडून वाचायला त्यांना वेळ नव्हता आणि ती तोंडी सांगायला मला येत नव्हतं.

बाहेर आल्यावर आईनं विचारलं, काय म्हणाले? मी म्हणालो, "सगळं बरं हाय म्हणाले."

पुढच्या महिन्यात दुसरेच डॉक्टर होते. त्यांनी परत पहिल्यापासून विचारलं. परतताना गाडीत मी आईला सांगितलं की आता मी मोठा झालो, तुला आत घेतच नाहीत, तर मी एकटा जात जाईन. तिला ते पटलं नाही. पण मी शिपायाचं नाव पुढं केलं, तेव्हा तिला मानावं लागलं.

फलाटावरचा बाक

बारावीचा निकाल लागल्यावर मी रांजणगावला एका ठेकेदाराकडे काम मागायला गेलो. आप्पांच्या ओळखीचा होता. त्यानं मला खालीवर पाहिलं आणि आप्पांना म्हणाला, "आहो, हे लेकरू ठिवलं तर मला इन्स्पेक्टर धरंल की." मी शाळेचा दाखला काढून दाखवला. त्यानं तो वाचला, परत दिला आणि चहा सांगितला. आप्पा त्याच्यासमोर चहा प्यायले. परतताना कंपनीच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले नाहीत, पुढं उभे राहिले.

या गोळ्यांनी वाढ खुंटते हे मी वॉर्डात कधीतरी ऐकलं होतं. त्या दिवशी माझं ठरलं. पोट तसंही महिनाभर शांत होतं. त्या आठवड्यात दौंडहून मी एकटा गाडीत बसलो, संडासात गेलो आणि गोळ्यांच्या दोन्ही पुड्या खाली रुळांवर सोडून दिल्या. पुण्याला उतरलो, एक नंबर फलाटावर एका बाकावर दुपारपर्यंत बसलो आणि परतीची गाडी धरली. मावशीला सांगितलं, डॉक्टर म्हणाले छान चाललंय. तिनं लगेच बूथवरून शिरूरला शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप दिला.

असं मी सहा महिने केलं. दर महिन्याला पुण्याला गेलो आणि दर महिन्याला त्या फलाटावर बसून आलो.

सुरुवातीला तोंडाची सूज उतरली. आरशात गालाची हाडं दिसायला लागली, आणि मला वाटलं, हाच मी, इतके दिवस गोळ्यांखाली दाबला होता. दिवाळीच्या आसपास दुखणं परत सुरू झालं. मी ते लपवलं. जेवण कमी केलं म्हणजे जावं कमी लागतं, हे मला जुनं माहीत होतं. मावशी विचारायची, जेवत का न्हाईस? कामाचं जमलं नाही म्हणून मी दौंडच्या कॉलेजात पुढं नाव घातलं होतं, तर मी म्हणायचो, कॉलेजात खाल्लं. ते तिनं तसंच आईला सांगितलं, आणि त्याचा पुढं तिच्याच विरुद्ध उपयोग होईल हे माझ्या मनातसुद्धा नव्हतं.

सही

थंडीत एका सकाळी पोटात काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि मी मोरीजवळ पडलो. काकांनी जीप आणली. पाटस, वरवंड, यवत, प्रत्येक गतिरोधकाला मी ओरडत होतो. मावशीनं माझं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ती ड्रायव्हरला काही सांगत होती, ते मला आठवत नाही.

शिरूरहून आई पोचली तेव्हा मी स्ट्रेचरवर होतो. आतडं फुटलं होतं, लगेच कापावं लागणार होतं. कागद आला. आईनं सवयीनं पेनासाठी हात पुढं केला. मुलांच्या वॉर्डातल्या प्रत्येक कागदावर तिचीच सही होती, त्यासाठी ती गिरवून गिरवून शिकली होती. डॉक्टर म्हणाले, "त्यांची सही लागेल. ते सज्ञान आहेत."

आई तशीच हात पुढं करून उभी राहिली. मी पडल्यापडल्या सही केली. कागदावर काय लिहिलं होतं ते वाचलं नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा पोटाला उजव्या बाजूला एक पिशवी चिकटवलेली होती. आतड्याचं तोंड तिथं बाहेर काढलं होतं. सगळं आता तिथूनच पिशवीत येणार होतं.

आप्पा

पुरुषांच्या वॉर्डात बाईमाणसाला राहू देत नाहीत. चार ते सहा भेटायची वेळ. बाकी वेळ आई जिन्यात बसायची. तिच्या जागी आप्पांना यावं लागलं. ते पहिली पाळी संपवून कंपनीच्या खाकी शर्टातच आले. मी सहा वर्षांत किती वेळा दवाखान्यात राहिलो असेन, पण त्यांना माझ्या खाटेशेजारी बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. पाय कुठं ठेवायचे, हात कुठं ठेवायचे, त्यांना कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पिशवी भरली आणि सिस्टर दुसऱ्या टोकाला होती. मी तोंड फिरवून घेतलं. आप्पांनी पिशवी उचलून खालून पाहिली, चिमटा कसा बसवलाय ते पाहिलं, भांडं धरलं आणि ती रिकामी केली. मग ओल्या कापसानं पिशवीचं तोंड पुसलं, चिमटा परत लावला, ओढून बघितला. म्हणाले, "मशिनीलाबी ड्रेन असतुयाच की."

मी रडायला लागलो. ते हात धुवून आले आणि माझं रडून होईपर्यंत खिडकीशी उभे राहिले.

त्याच दिवशी दुपारी डॉक्टरांनी त्यांच्यासमोर मला विचारलं की गोळ्या कधीपासून बंद आहेत. रक्ताच्या रिपोर्टात दिसत असावं, किंवा त्यांनी नुसता अंदाज केला असेल. मी सांगितलं, सहा महिने. डॉक्टर गेल्यावर आप्पांनी स्टूल खाटेजवळ ओढलं. मी त्यांना सांगितलं ते सगळं, गाडी, पुड्या, फलाट. ठेकेदाराचं नाव मी काढलं नाही. त्यांना ते कळलं असावं. ते म्हणाले, "आईला तूच सांग. मी न्हाई सांगणार."

मी सांगितलं नाही.

दोघी बहिणी

आईला काहीतरी कारण हवं होतं. पोरगं सहा महिने दवाखान्यात 'जात' होतं, औषध 'घेत' होतं, तरी आतडं फुटलं. मग काय खाल्लं त्यानं? कॉलेजात काय खातो याची मावशीनं चौकशी केली का? जिन्यात बसून तिनं हे मनात किती फिरवलं असेल कोण जाणे. भेटायच्या वेळेला मावशी डबा घेऊन आली, तेव्हा माझ्या खाटेपाशीच आई तिला म्हणाली, "तुला सोताचं न्हाई, म्हणून तुला कळलं न्हाई."

 मावशीनं डबा टेबलावर ठेवला, पदर सारखा केला आणि ती निघून गेली. नंतर ती आली नाही. काका एकटे यायचे.

एक वाक्य बोललो असतो तर ते तिथंच मिटलं असतं. मी डोळे मिटून झोपल्याचं नाटक केलं. ऑपरेशनची जखम भरली, टाके निघाले, मी शिरूरला परत आलो, आणि वर्षभर ते वाक्य बोललो नाही. आधी वाटलं, बरा झाल्यावर सांगू. मग वाटलं, आता एवढे महिने झाले, आता सांगितलं तर जास्त वाईट. मावशीचं नाव घरात निघायचं बंद झालं. आई बारीक झाली. मी बाहेरचं खाल्लं हे तिनं धरलं होतं, पण मला दौंडला पाठवलं कुणी, हा प्रश्न ती स्वतःला विचारत होती. एकदा मी तिला एकटीला बोलताना ऐकलं, "मीच दिला लोकाच्या घरी."

ज्यांच्या घरात असं पोर आहे त्यांना मधेच एक सांगून टाकतो. चौदाव्या वर्षापासून त्याला गोळ्यांची नावं स्वतः म्हणू द्या. डॉक्टरांपुढं त्याला बोलू द्या, चुकलं तर चुकू द्या, तुम्ही बाजूला बसा. आणि पोरांनो, तुम्ही औषध टाकलंत तर ज्यांच्या घरी जेवता त्यांना तरी सांगा.

कवठ्याचे काका

शिरूरच्या एसटी स्टँडवर मला वैशालीचे वडील भेटले. मी त्यांना ओळखलं, त्यांनी मला ओळखायला वेळ घेतला. मी वैशाली कशी आहे विचारलं. ते म्हणाले, गेली. बारा महिने झाले.

बाकावर बसून त्यांनी सांगितलं. सासरी आजाराचं सांगितलं नव्हतं. समोरच्या इमारतीत ती एकदाच गेली होती, लग्नाच्या आधी. गोळ्या तिनं माहेरून नेल्या, तांदळाच्या डब्यात ठेवल्या, संपल्यावर आणायला कुणाला सांगायचं हे तिला कळलं नाही. दुखत असताना ती बरं आहे म्हणत राहिली. सासरच्यांनी दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्यांना दोष देऊन काय करू, ते म्हणाले, त्यांना ठावंच न्हवतं.

मग त्यांनी मला विचारलं, "तू तिच्या वॉर्डातला. तुला तरी कवा काय बोलली व्हती का रं?"

मला ती आईबद्दल जे म्हणाली होती ते आठवत होतं. मी त्यांना ते सांगितलं नाही. दुखलं तरी पोरांचे हात धरून बसायची, एवढं सांगितलं. त्यांची गाडी लागली, ते उठले.

सांगितलं ते

मी स्टँडवरून सरळ घरी गेलो. आई दारात बसून ज्वारी निवडत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. सहा महिने मी डॉक्टरांकडं गेलो नाही. गोळ्या मी टाकल्या. बाहेर काही खाल्लं नाही. मावशीचा काही दोष नव्हता, तुझाही नव्हता.

तिचे हात सुपात थांबले.  मग म्हणाली, "वरीस झालं. वरीसभर तू माझ्या ताटाला ताट लावून जेवलास."

तिनं मला मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला घेऊन दौंडला गेली. मावशीनं दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं. आई बसली नाही. ती म्हणाली की मी तुला जे बोलले ते परत घ्यायला आलीय, आणि तिनं मला पुढं केलं. मी परत सगळं सांगितलं. काकांनी रेडिओ बंद केला.

मावशी आईला काही म्हणाली नाही. मला म्हणाली, "सहा वर्सं तुझी कापडं धुतली मी. तेवढ्याला तरी जागायचं व्हतंस."

तिनं चहा केला, आम्ही प्यायलो. दोघी बहिणी आता बोलतात. लग्नकार्यात भेटतात, एकमेकींना हळदीकुंकू लावतात. पण आई तिच्याकडे राहायला गेलेली नाही आणि मावशी आमच्याकडे आलेली नाही. जे तुटलं होतं ते जोडलं गेलं, पण वाकडं जोडलं गेलं.

येताना एसटीत आईनं न्हावरं मागं पडू दिलं. मग ती म्हणाली की दवाखान्यात आता तू एकटाच जायचं. मी येणार न्हाई आन् आल्यावर इचारणारबी न्हाई. तुझं तू सांगायचं.

पुढच्या महिन्यात मी समोरच्या इमारतीत गेलो. आदल्या आठवड्यात फाईलची दोरी सोडून मी सगळे कागद वाचले होते. कळलं नाही ते माझ्या जुन्या शाळेतल्या सरांना विचारलं होतं, आणि गोळ्या, त्यांचं प्रमाण, बंद केल्याचे महिने, सगळं एका कागदावर उतरवून नेलं होतं. डॉक्टर तेच पहिले होते, तरुण. त्यांनी कागद वाचला. मग मला बसायला सांगितलं आणि बाहेरच्या शिपायाला थोडं थांब म्हणाले. मी त्यांना पिशवी कधी काढणार ते विचारलं. वर्षभर मी त्याचीच वाट बघत होतो. खालचं आतडं शांत झालं की परत आत जोडतात, असं मला वॉर्डात सांगितलं होतं.

त्यांनी रिपोर्ट दोनदा पाहिले. खालचं आतडं पार खराब झालंय, म्हणाले, जोडलं तर परत फुटेल. पिशवी राहणार. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, कायमची धरून चाल. मग मी विचारायचं ते सगळं विचारलं. काम करता येईल का, पोहता येईल का, लग्नाचं काय, उंचीचं काय. त्यांनी एकेक उत्तर दिलं. उंचीचं उत्तर वाईट होतं.

घरी पोचलो तेव्हा आई चुलीपाशी बसली होती. तिनं मान वर करून पाहिलं आणि ठरल्याप्रमाणे काही विचारलं नाही. मी चपला काढल्या, पाट ओढून तिच्याजवळ बसलो.

"पिशवी बंद व्हायची न्हाई म्हणाले. कायमची."

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "सगळं इचारलंस त्यास्नी?"

"सगळं."

"काय काय इचारलंस, सांग," ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी खाली उतरवून तिनं तवा बाजूला ठेवला. मी पहिल्या प्रश्नापासून सांगायला लागलो.